अमेरिकेत विमा असूनही बिल का येतं?

गेल्या ऑक्टोबरात घारग्यांसाठी लाल भोपळा चिरत होते. विळी पुण्याहून बॅगेत घालून आणलेली, भोपळा इथला, दगडासारखा. पातं सटकलं आणि डाव्या अंगठ्याला चांगलंच लागलं. रविवारची संध्याकाळ, नेहमीचा दवाखाना बंद, रक्त काही थांबेना. शेजारणीने गाडीत घातलं आणि न्यू जर्सीतल्याच एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. दोन तास बसून राहिलो, मग वीस मिनिटांचं काम. तीन टाके आणि धनुर्वाताचं एक इंजेक्शन. विम्याचं कार्ड दारातच दाखवलं होतं, त्यामुळे मी निर्धास्त.

तीन आठवड्यांनी विमा कंपनीचा कागद आला. वर ठळक अक्षरांत छापलेलं: 'हे बिल नाही.' खाली तक्ता. हॉस्पिटलने लावलेली रक्कम २,९६० डॉलर. आमच्या करारामुळे कमी झालेली रक्कम १,७२५. कंपनीने भरलेली रक्कम शून्य. तुम्ही देणं लागता १,२३५.

आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, मग ते कार्ड कशाला घेतलंस?"

दर पंधरवड्याला माझ्या पगारातून या कार्डापोटी सुमारे २६० डॉलर कापले जातात, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता. आणि तो एकट्या माझ्या आईचा नाही. २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे ४३ दिवस, अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कामकाज बंद पडलं होतं, तोवरच्या इतिहासात सर्वांत लांबलेलं. भांडणाचं मूळ होतं आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरची सरकारी मदत. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात हा विषय इतका का चिघळलाय, ते कळायला आधी माझ्या त्या कागदावरची भाषा समजून घ्यावी लागेल.

उंबरठा

भारतात मेडिक्लेम म्हटलं की हॉस्पिटलात भरती होणं डोळ्यांसमोर येतं. सर्दीखोकल्याला आपण कोपऱ्यावरच्या डॉक्टरला पैसे देतो आणि मोकळे होतो. अमेरिकेत तसं नाही. घसा दुखण्यापासून बायपासपर्यंत सगळं विम्यातून जातं, त्यामुळे प्रत्येक लहानसहान गोष्टीला कागद फुटतो.

तीन गोष्टी कळल्या की पुरे. पहिली, हप्ता. आजारी पडा न पडा, तो जातोच. दुसरी, डिडक्टिबल. याला मी उंबरठा म्हणते. वर्षभरात ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तुमचा तुम्ही करायचा, तो उंबरठा ओलांडलात की कंपनी हात पुढे करणार. माझा उंबरठा २,००० डॉलरचा आहे आणि ऑक्टोबरापर्यंत मी ठणठणीत होते, म्हणून अंगठ्याचा सगळा भार माझ्यावर. तिसरी, उंबरठ्यानंतरचा तुमचा वाटा. बहुतेक योजनांत तिथून पुढेही दर शंभरामागे वीसेक डॉलर तुम्हीच देता, ते एका कमाल मर्यादेपर्यंत. २०२५ मध्ये कायद्याने ठरवलेली ही मर्यादा एका माणसाला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होती. त्यापलीकडे कंपनी सगळं भरते, पण विम्याच्या यादीतल्या हॉस्पिटलात गेलात तरच. आपल्याकडच्या 'कॅशलेस'च्या यादीसारखीच ही यादी. इथे तिला नेटवर्क म्हणतात.

बहुतेकांचा उंबरठा १ जानेवारीला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून वर्षभर उंबरठा चढून थकलेली माणसं डिसेंबरात गुडघ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकायच्या घाईत असतात. डिसेंबरातली तारीख मिळवणं म्हणजे तत्काळचं तिकीट काढण्यासारखं.

नोकरीतून मिळणाऱ्या विम्याचे २०२५ चे सरासरी आकडे असे: कुटुंबाचा वार्षिक हप्ता २६,९९३ डॉलर, त्यातले ६,८५० नोकरदाराच्या पगारातून, बाकीचे नोकरी देणाऱ्या कंपनीकडून. एकट्याच्या योजनेचा सरासरी उंबरठा १,८८६ डॉलर. रुपयांत हप्ता वीस लाखांच्या वर जातो. एवढ्यात इथे एक बरी नवी गाडी येते, आणि ती दरवर्षी घ्यावी लागत नाही.

पण विमा नोकरीतून का? सरकारकडून का नाही?

विम्याची सुरुवातच मुळात गमतीची आहे. १९२९ साली टेक्सासमधल्या डॅलसच्या बेलर हॉस्पिटलात खाटा रिकाम्या पडत होत्या आणि रुग्णांची थकबाकी साचत होती. तिथल्या जस्टिन फोर्ड किंबॉल यांनी शहरातल्या शिक्षकांना सांगितलं, महिन्याला ५० सेंट द्या, वर्षातून २१ दिवस हॉस्पिटलात राहायची सोय आमची. पुढे देशभर पसरलेल्या 'ब्लू क्रॉस' विम्याचं बीज ते हेच. म्हणजे आरोग्यविमा जन्मला तो रुग्णाला सोय व्हावी म्हणून जितका, तितकाच हॉस्पिटलचे पैसे बुडू नयेत म्हणूनही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग दुसरं महायुद्ध आलं. कामगार मिळेनात, म्हणून कारखाने पगार वाढवून एकमेकांची माणसं ओढायला लागले. महागाई भडकेल म्हणून सरकारने १९४२ मध्ये पगारांवर लगाम घातला, पण विम्यासारख्या सवलती त्यातून वगळल्या. समजा आपल्याकडे एखाद्या वर्षी सरकारने बोनसवर बंदी घातली आणि मिठाईच्या डब्यावर घातली नाही, तर मालक काय करेल? मोठमोठे डबे वाटेल. तसंच झालं. पुढे १९५४ च्या करकायद्याने पक्कं केलं की कंपनीने भरलेल्या हप्त्यावर नोकरदाराला कर नाही. शंभर डॉलर पगार म्हणून घेतले तर कर कापून सत्तर-पंचाहत्तर हातात येतात, विमा म्हणून घेतले तर पूर्ण शंभराचा माल मिळतो. मग डबा कोण नाकारेल?

युद्ध संपलं, लगाम सुटला, डबा मात्र राहिला. आज पंधरा कोटींहून जास्त अमेरिकन लोकांचा विमा कुणाच्या तरी नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली की विमाही गेला. १९८५ च्या एका कायद्याने जुनाच विमा साधारण दीड वर्ष चालू ठेवता येतो, पण तेव्हा कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा आणि वर २ टक्के व्यवस्थापनाचे. पगार बंद झालेल्या माणसाला कुटुंबाच्या विम्यापोटी महिन्याला सव्वादोन हजारांच्या वर डॉलर भरायला सांगणारी ही सोय.

यात एक भूल आहे. कंपनी वर्षाला वीस हजार 'भरते' म्हणून ते फुकट वाटतात. वास्तविक ते आपल्याच मेहनतान्यातले असतात. विमा नसता तर त्यातले बरेचसे पगारात आले असते. मिठाई मालकाच्या खिशातून आलेली नाही. पण डबा बंद असल्यामुळे आत किती रुपये किलोची बर्फी आहे ते कुणी विचारत नाही, आणि मिठाईवाला भाव वाढवत राहतो.

म्हातारे आणि गरीब

नोकरी असलेल्यांचं असं भागलं. नोकरी नसलेल्यांचं काय? राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १९४५ मध्येच सगळ्या देशासाठी सरकारी विम्याचा प्रस्ताव मांडला होता. डॉक्टरांच्या संघटनेने 'ही समाजवादी वैद्यकी' म्हणून रान उठवलं आणि प्रस्ताव बारगळला. वीस वर्षांनी, ३० जुलै १९६५ ला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ट्रुमन यांच्याच गावी जाऊन दोन योजनांवर सही केली: ६५ च्या पुढच्यांसाठी मेडिकेअर, गरिबांसाठी मेडिकेड. मेडिकेअरचं पहिलं कार्ड ट्रुमन यांना दिलं.

विरोध शमवायला मात्र मोठी किंमत मोजली. हॉस्पिटलला जो खर्च येईल तो सरकार देईल, डॉक्टर जी रूढ फी घेतात ती देईल, असं ठरलं. गवंड्याला 'जेवढं सिमेंट लागेल तेवढं आण, बिल दे' असं सांगितल्यावर घराचं काय होतं, ते घर बांधलेल्या कुणालाही विचारा. १९८३ मध्ये सरकार शहाणं झालं आणि आजारागणिक ठरावीक रक्कम द्यायला लागलं, पण तोवर व्यवस्थेला जास्तीच्या पैशांची सवय लागली होती.

ओबामांनी नेमकं काय केलं?

मधे उरले ते ना म्हातारे, ना फार गरीब, ना नोकरीत विमा मिळणारे. टॅक्सी चालवणारे, छोटी दुकानं असलेले, घरून काम करणारे, साठीच्या अलीकडे निवृत्त झालेले. त्यांनी कंपनीकडे विमा मागितला की कंपनी आधी त्यांची दुखणी तपासायची. मधुमेह? नाही देणार. पूर्वी कॅन्सर झाला होता? अजिबात नाही.

२३ मार्च २०१० ला सही झालेल्या कायद्याने हे बदललं. त्याचं तर्कशास्त्र गणपतीच्या वर्गणीचं आहे. मंडळाने ठरवलं की प्रसाद कुणालाही नाकारायचा नाही, तर लोक म्हणतील, मग आरतीच्या वेळीच जाऊ, वर्गणी कशाला? म्हणून दुसरा नियम: वर्गणी सगळ्यांनी द्यायचीच. मग ज्याला परवडत नाही त्याचं काय? म्हणून तिसरा: त्याची काही वर्गणी मंडळाच्या शिलकीतून. कायद्याचेही हेच तीन पाय. आजारी म्हणून विमा नाकारायचा नाही. विमा न घेणाऱ्याला दंड. आणि उत्पन्नानुसार हप्त्यात सरकारी मदत. शिवाय मुलांना २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात ठेवता येतं, आणि लसी व ठरावीक तपासण्या उंबरठा न ओलांडताही मोफत.

फायदा झाला, हे विरोधकांनीही मान्य करावं. विमा नसलेल्यांचं प्रमाण साधारण १६ टक्क्यांवरून ८ च्या आसपास आलं. पण पायांची तोडफोडही होत राहिली. गरिबांचं मेडिकेड आणखी लोकांपर्यंत वाढवायचं, असंही कायद्यात होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते वाढवायचं की नाही ते राज्यांनी ठरवावं. टेक्सास, फ्लोरिडासारख्या दहा राज्यांनी ते अजून वाढवलेलं नाही. २०१७ मध्ये कायदाच रद्द करण्याचा प्रयत्न झाला. सेनेटमध्ये पहाटे रिपब्लिकन सेनेटर जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली करून स्वतःच्याच पक्षाचं विधेयक पाडलं. त्याच वर्षअखेरीच्या करकायद्याने दंड शून्यावर आणला, २०१९ पासून. वर्गणीची सक्ती गेली.

२०२६ मध्ये हप्ते का भडकले?

आता बातमीतला विषय. मूळ कायद्यात मदतीला एक कडा होती: दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंत मदत, त्यावर एक डॉलर जरी गेलात तरी काहीच नाही. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, ही कडा काढली. मध्यम प्रतीच्या योजनेचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं. २०२२ मध्ये मुदत २०२५ अखेरपर्यंत वाढवली. लोकांनी धडाधड विमा घेतला. २०२५ मध्ये ओबामांच्या कायद्याने उभ्या केलेल्या विम्याच्या बाजारातून विमा घेणारे सुमारे २ कोटी ४० लाख झाले, आणि त्यातल्या बहुतेकांना मदत मिळत होती.

३१ डिसेंबर २०२५ ला ती वाढीव मदत संपली, कडा परत आली. दोघा नवराबायकोंसाठी ती २०२६ ला ८४,६०० डॉलरवर आहे. समजा दोघं साठीचे, मिळकत ८५,०००. आधी त्यांना वर्षाला जास्तीत जास्त ७,२२५ डॉलर भरावे लागत. आता मदत शून्य, आणि त्या वयाच्या जोडप्याचा पूर्ण हप्ता अनेक भागांत वीस हजारांच्या वर. चारशे डॉलर जास्त कमावल्याचा हा दंड. माझ्या ओळखीत एक काका आहेत, हिशेब तपासणारे, स्वतःचा व्यवसाय. ते यंदा चक्क दोन गिऱ्हाइकं सोडायचा विचार करत होते.

मदत संपली तर हप्त्यापोटी खिशातून जाणारी रक्कम सरासरी दुपटीहून जास्त होईल, वर्षाला ८८८ वरून १,९०४ डॉलर, असा आरोग्यधोरणावर काम करणाऱ्या केएफएफ या संस्थेचा अंदाज होता. आणि इथे वर्गणीचं गणित उलटं फिरतं. हप्ता महागला की आधी कोण सोडतं? धडधाकट तरुण. मागे राहतात ती दुखणेकरी माणसं, त्यांचा खर्च जास्त, म्हणून पुढच्या वर्षीचा हप्ता आणखी वर.

त्यात ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेला कायदा आहे. मेडिकेड हवं असेल तर अनेक प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा केल्याचा पुरावा द्यावा लागेल. २०२७ च्या सुरुवातीपर्यंत हे लागू व्हायचं आहे. 'काम करा की, काय बिघडलं?' असं वाटू शकतं. पण कागद वेळेवर न भरणं आणि काम न करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे हयातीचा दाखला द्यायला बँकेत खेटे घालणाऱ्या कुठल्याही पेन्शनरला ठाऊक आहे. २०३४ पर्यंत या कायद्यामुळे सुमारे एक कोटी लोक विम्याबाहेर जातील, असा संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे.

"विमा कंपन्याच लुटारू आहेत"

हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याने लोकांचा संताप ओढवून घेतलाय.

डॉक्टरने तपासणी किंवा औषध लिहिलं तरी कंपनीची आगाऊ मंजुरी लागते. डॉक्टरच्या दवाखान्यात त्यासाठी वेगळी माणसं ठेवलेली असतात, दिवसभर फोनवर. सरकारी संकेतस्थळावरून विकल्या जाणाऱ्या योजनांनी २०२३ मध्ये साधारण पाचातला एक दावा नाकारला. दाद मागितली किती जणांनी? शंभरात एकानेही नाही. ज्यांनी मागितली, त्यातल्या चाळीसेक टक्क्यांच्या बाबतीत कंपनीला निर्णय फिरवावा लागला. हा आकडा अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

४ डिसेंबर २०२४ ला मॅनहॅटनमध्ये युनायटेडहेल्थकेअर या विमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्प्सन यांचा गोळ्या घालून खून झाला. काडतुसांवर विमा कंपन्यांच्या टाळाटाळीची आठवण करून देणारे शब्द लिहिलेले सापडले. खुनाचं समर्थन कसं करणार? पण त्यानंतर लोकांनी जाहीरपणे जे बोलून दाखवलं, त्याने मी हादरले. नाकारलेल्या दाव्याची एकेक गोष्ट घेऊन हजारो माणसं पुढे आली होती.

आता उरलेलं अर्धं. ओबामांच्या कायद्यानुसार कंपन्यांना हप्त्यांतले ८० ते ८५ टक्के पैसे उपचारांवर खर्चावेच लागतात. उरलेल्यात पगार, कचेऱ्या, नफा. निव्वळ नफा शंभराला एक आकडी. उद्या तो सगळा काढून टाकला तरी माझा २६० चा हप्ता फार तर २४५ वर येईल. उलट या नियमाला एक चमत्कारिक बाजू आहे. खर्चाच्या टक्केवारीवर काम करणारा ठेकेदार खर्च कमी करायला झटेल का? शंभराचे पंधरा टक्के घेण्यापेक्षा दोनशेचे पंधरा टक्के घेणं केव्हाही बरं.

मग एवढे पैसे जातात कुठे?

२०२३ मध्ये अमेरिकेने आरोग्यावर ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले. माणशी साधारण १४,५७०. त्यातले ३१ टक्के हॉस्पिटलांना, २० टक्के डॉक्टर आणि दवाखान्यांना, दुकानातून घेतलेल्या औषधांना ९ टक्के. अमेरिकन माणूस काही जर्मन किंवा फ्रेंच माणसापेक्षा जास्त वेळा डॉक्टरकडे जात नाही, हॉस्पिटलात जास्त दिवस झोपतही नाही. फरक आहे तो दरात. तोच टाका, तोच एमआरआय, किंमत दुप्पट-तिप्पट. या सगळ्या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे: भांडण चाललंय ते बिल कुणी भरायचं यावर, बिल एवढं का यावर नाही.

माझ्या तक्त्यातले २,९६० आठवा. तो आकडा कुणीच भरत नाही. लक्ष्मी रोडवरच्या सेलसारखं आहे ते: साडीवर ४,००० ची चिठ्ठी, त्यावर काट, '६०% सूट'. प्रत्येक हॉस्पिटलकडे असा फुगवलेल्या दरांचा एक जाडजूड तक्ता असतो, आणि प्रत्येक विमा कंपनी त्यातून आपापली सूट घासाघीस करून मिळवते. सरकारी मेडिकेअर घासाघीस करत नाही, दर सांगून मोकळं होतं. २०२२ मध्ये खासगी विम्यांनी हॉस्पिटलांना मेडिकेअरच्या सरासरी अडीचपट पैसे दिले, असं रँड या संशोधन संस्थेला आढळलं. हॉस्पिटलं म्हणतात, मेडिकेअर आमचा खर्चही भरून देत नाही, ती तूट खासगीतून काढतो. काही ग्रामीण हॉस्पिटलांच्या बाबतीत हे खरंही आहे. पण शहरात गेल्या काही दशकांत हॉस्पिटलांनी एकमेकांना गिळून मोठाले समूह केलेत. गावात एकच मंगल कार्यालय उरलं की त्याचा मालक जो भाडं सांगेल ते द्यावं लागतं, आणि त्याला यादीतून वगळणारी विमा कंपनी गिऱ्हाइकं गमावते.

औषधांचं एकच उदाहरण देते. इन्सुलिनचा शोध टोरांटोत १९२१ मध्ये लागला आणि शोधकांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. पुढे इन्सुलिनचे सुधारित प्रकार आले. त्यातल्या एका नामांकित प्रकाराची कुपी १९९६ मध्ये सुमारे २१ डॉलरला होती, वीसेक वर्षांत २७५ च्या आसपास गेली. कुपी तीच. मधे औषधांची खरेदी ठरवणारे दलाल बसलेत, आणि देशातल्या साधारण ८० टक्के प्रिस्क्रिप्शन तीन बड्या दलाल कंपन्यांच्या हातून जातात. छापील किंमत जितकी जास्त, तितकी दलालाला दाखवायची सूट मोठी, म्हणून किंमत फुगत गेली. २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरच्या रुग्णांना इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरपर्यंत मिळायला लागलं, आणि मेडिकेअरला पहिल्यांदाच औषधांच्या भावांची घासाघीस करायची मुभा मिळाली. पहिल्या दहा औषधांचे नवे भाव जानेवारी २०२६ पासून लागू झाले. त्याआधी, २००३ च्या कायद्याने, देशातल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला भाव विचारायलाच बंदी होती. हे वाचून पुन्हा वाचावंसं वाटेल, मलाही वाटलं होतं.

मग कॅनडासारखं का करत नाहीत?

सगळ्यांचा विमा सरकारनेच द्यावा, खासगी कंपन्या बाजूला. ऐकायला सरळ आहे. पण कॅनडातही हे गोडीगुलाबीने झालं नाही. १९६२ मध्ये सॅस्कॅचेवान प्रांतात योजना सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. आणि तेव्हा आरोग्यव्यवस्था आजच्यापेक्षा कितीतरी लहान होती.

अमेरिकेत एका राज्याने खरंच प्रयत्न केला. व्हरमाँटने २०११ मध्ये कायदा केला. गव्हर्नर पीटर शमलिन पुरस्कर्ते. डिसेंबर २०१४ मध्ये हिशेब पुढे आला: कंपन्यांच्या पगारखर्चावर ११.५ टक्के नवा कर, शिवाय लोकांच्या उत्पन्नावरही. शमलिन यांनी स्वतःच योजना गुंडाळली. गंमत पाहा, तेवढेच पैसे लोक हप्त्यातून देतच होते. पण हप्ता म्हणजे बंद डबा, कर म्हणजे छापील आकडा. मतदाराला दुसरा दिसतो.

दुसरी अडचण अशी की फुगलेला प्रत्येक डॉलर कुणाचं तरी उत्पन्न आहे. मंजुरीच्या फोनवर दिवस काढणाऱ्या दवाखान्यातल्या माणसांचा पगारही त्यातलाच. खर्च निम्मा करायचा म्हणजे कुणाचं तरी निम्मं उत्पन्न कापायचं, आणि अनेक शहरांत हॉस्पिटलच सर्वांत जास्त लोकांना नोकरी देतं.

मधली वाट नाही असं नाही. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये विमा संस्था अनेक आहेत, पण दर बऱ्याच अंशी सगळ्यांना मिळून ठरलेले. अमेरिकेतच मेरीलंड राज्यात १९७० च्या दशकापासून हॉस्पिटलचे दर एक सरकारी आयोग ठरवतो, आणि कुठलाही विमा आला तरी दर जवळपास तोच. मला तरी कॅनडाच्या चर्चेपेक्षा मेरीलंडची चर्चा व्हावी असं वाटतं. ती होत नाही, कारण त्यावर घोषणा बनत नाही.

"बाजारावर सोडा, भाव आपोआप उतरतील"

हा दुसऱ्या बाजूचा आक्षेप, आणि तोही पोकळ नाही. डोळ्यांचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन सहसा विम्यात बसत नाही. तिथे लोक चार ठिकाणी भाव विचारतात, दुकानं जाहिरातीत भाव लावतात. म्हणूनच १ जानेवारी २०२१ पासून हॉस्पिटलांना दर जाहीर करायची सक्ती झाली. मी माझ्या हॉस्पिटलची फाइल उतरवून पाहिली. ती उघडायलाच संगणकाला काही मिनिटं लागली. आत हजारो ओळी, सांकेतिक आकडे. 'टाके' असा शब्द कुठे नाही.

आणि अंगठ्यातून रक्त वाहत असताना कोण चार ठिकाणी भाव विचारतं? इमर्जन्सीत आलेल्याला पैसे नाहीत म्हणून परत पाठवायचं नाही, असा कायदा इथे १९८६ पासून आहे, आणि तो हवाच. पण ज्या दुकानातून गिऱ्हाइकाला उठून जाता येत नाही, तिथे बाजाराचे नियम अर्धेच चालतात.

आपल्या लोकांनी काय बघावं

पुण्या-नाशिकहून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांना यातलं काहीच लागू नाही. त्यांना प्रवासी विमा घ्यावा लागतो, आणि स्वस्त योजनांत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, बाकीची तुमची. पन्नास हजार डॉलरचं कवच असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तरी इमर्जन्सीच्या एका भेटीला किती, ते बारीक अक्षरांत शोधा. जुना मधुमेह-रक्तदाब बहुधा वगळलेला असतो.

ग्रीन कार्डावर आलेल्या पासष्टीपुढच्यांना पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही घेता येत नाही. तोवर ते ओबामांच्या कायद्यातल्या बाजारातून विमा घेतात. दारिद्र्यरेषेखालच्या उत्पन्नावर अशा नवागतांना मिळणारी मदत २०२६ पासून बंद झाली आहे. एच-वन-बी व्हिसावरच्यांना या बाजारात मिळणारी मदत २०२७ पासून बंद होईल. नोकरी गेली तर व्हिसाचे ६० दिवस मोजत बसतानाच विमा कुठल्या तारखेला संपतो तेही विचारून घ्या. कुठे शेवटच्या दिवशी संपतो, कुठे महिनाअखेर.

बाकी, इमर्जन्सीतला डॉक्टर तुमच्या यादीबाहेरचा निघाला तरी २०२२ पासून तो यादीबाहेरचा दर लावू शकत नाही. रस्त्यावरच्या अँब्युलन्सला मात्र हे लागू नाही. म्हणूनच शेजारणीची गाडी.

माझ्या बिलाचं पुढे काय झालं? हॉस्पिटलच्या हिशेब खात्याला फोन केला. तिकडची बाई गोड होती. म्हणाली, "आज कार्डाने भरलंत तर वीस टक्के कमी करते." मी काही मागितलंही नव्हतं. १,२३५ चे ९८८ झाले, भरून टाकले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आणखी थोडं ताणलं असतंस तर अजून उतरली असती."

दहा दिवसांनी टाके घालणाऱ्या डॉक्टरांचं वेगळं बिल आलं. ३१० डॉलर.